भीमराजनं पसंत केलेली लाल गाडी

दारव्ह्यात जुनी मोटारसायकल घ्यायची तर दोन रस्ते होते. एक, मोबाईलवर फोटो पाहायचे आणि फसायचं. दुसरा, भीमराजला सोबत न्यायचं, त्याची बोलणी खायची आणि न फसता परत यायचं. दुसऱ्या रस्त्याला जाताना दोन चहा आणि येताना एक प्लेट आलुबोंडे एवढा खर्च होता. पण तो वसूल व्हायचा, कारण भीमराज गाडीभोवती एक चक्कर मारून विकणाऱ्याकडे असा पाहायचा, की तो बिचारा न विचारताच भाव उतरवायचा.

भीमराजचं वय बावन्न. अंगात मांस कमी आणि मतं जास्त. खांद्याला एक खाकी पिशवी, आणि तिच्यात डॉक्टरच्या थाटात ठेवलेल्या चार वस्तू: लोहचुंबक, सुताचा दोरा, टॉर्च आणि दात घासायचा एक म्हातारा ब्रश. चुंबक टाकीवर फिरवायचा. जिथं चिकटला नाही तिथं पत्रा नसून पुट्टी आहे, म्हणजे गाडी कुठंतरी आपटलेली आहे. दोरा मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणायचा. सांगाडा वाकला असेल तर दोरा चुगली करतो. टॉर्चनं इंजिनाचं पोट पाहायचं. आणि ब्रशानं टायरच्या कडेची माती घासून तिथले चार आकडे वाचायचे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.

"गाडीचं वय कागदात राह्यते," तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "अन् तुयं वय या टायरात हाये. पाच वर्षांच्या वरचं टायर असंल तं घरून निघताना बायकोचा फोटो खिशात ठेवून निघत जा. पोलिसाले पत्ता लवकर लागते."

दिग्रस रोडवर टिनाच्या शेडमध्ये त्याचं दुकान होतं. पाटीवर 'समता ऑटो डील' लिहिलेलं होतं, पण गावात त्याला कोणी त्या नावानं ओळखत नसे. गाव म्हणे 'मोक्षधाम ऑटो'. त्याचं कारण असं की या भागात एक रीत आहे. ज्या गाडीवर घरचा माणूस गेला, ती गाडी घरात वापरत नाहीत आणि गावातही कोणी घेत नाही. मग ती गोठ्यात कडब्याच्या आडोशाला उभी राहते, कोंबड्या तिच्या सीटवर बसून अंडी देतात, आणि एक दिवस दूरचा कोणी येऊन म्हणेल त्या भावात तिला घेऊन जातो. हा दूरचा कोणी म्हणजे भीमराज. नांदेड, चंद्रपूर, आदिलाबादकडून तो अशा गाड्या टेम्पोत घालून आणायचा, मोडलेलं बदलायचा, वाकडं टाकून द्यायचा, आणि बाजारापेक्षा तिसरा हिस्सा कमी भावात विकायचा. मात्र लपवून नाही. गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच सांगायचा.

"मामा, इतकी सस्ती काहून?"

"मालक वारला हिचा."

"हिच्यावर?"

"हिच्यावर नाई, डांबरावर. गाडी बिचारी बाजूले पडून होती."

"मंग भूतगीत?"

"असंल तं त्याले बी हेल्मेट घालत जा. दोघायचं चालान पडते."

अर्धे गिऱ्हाईक इथेच पळून जायचे. उरलेले अर्धे एक तर खरोखर न मानणारे असायचे, नाहीतर मानणं परवडत नसलेले. भीमराजला दोन्ही सारखेच प्रिय. त्याच्या बापानं छप्पन्न साली नागपूरला पायी जाऊन दीक्षा घेतली होती आणि तेव्हापासून त्या घरात 'नशीब' हा शब्द शिवीच्या वरच्या पायरीवर होता. पोरांनी परीक्षेत नापास झाल्यावर तो उच्चारला की बापाची चप्पल निघायची. तेव्हा लोखंडाला शकुन-अपशकुन कळत नाही, हे भीमराज नुसतं बोलत नव्हता. त्यावर त्याचं घर चाललं होतं. बावीस वर्षं. एकही गाडी भूत बसलं म्हणून परत आली नव्हती. एक आली होती, पण ती हप्ते बसले म्हणून.

अशा माणसाला फेब्रुवारीत त्याच्या बहिणीचा फोन आला.

दीपमाला ही त्याची धाकटी बहीण. वणीजवळ राजूरला दिलेली. नवरा पंजाबराव कोळशाच्या खाणीत कामाला. माणूस इतका कमी बोलणारा की लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हा त्यानं फक्त नावच घेतलं होतं. त्यांचा एकुलता एक पोरगा संघर्ष बावीस वर्षांचा होता. त्यानं लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि वणीच्या एका लॅबमध्ये लागला. काम असं की सकाळी निघायचं, मुकुटबन, झरीकडच्या गावांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि बर्फाच्या डब्यात घालून दुपारी दोनच्या आत वणीला पोचवायचे. गाडी हवी होती.

"मामा, मले स्पोर्ट पाह्यजे," फोन ओढून घेत संघर्ष म्हणाला.

"रक्त आणाले स्पोर्ट कायले? रक्त का पळून जाते?"

"दोन घंट्यात पोचवा लागते, मामा."

"मंग साधी घे. शंभर सीसीची. दीड घंट्यात पोचते अन् मधात चहा बी होते."

"साधी तं सगळ्यायजवळ हाये. मले पुढून झाकलेली, वाकून बसाची पाह्यजे. निळी. चौदा एप्रिलच्या रॅलीत मी सगळ्यात पुढं राहीन. अन् साठ हजाराच्या आत."

"वा. सोन्याची अंगठी बी देऊ काय सोबत?"

मागून दीपमालेनं फोन घेतला. ती हसत नव्हती. "दादा, त्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक चालतात. तू पाहून देशील तंच मले झोप लागन. नाईतर तो एसटीनं जाईन, नोकरी राहो की जावो."

"अवं, मी पाहून देतो ना," भीमराज म्हणाला. त्यानं आयुष्यात दिलेल्या शब्दांत हा सगळ्यात सोपा शब्द होता.

मग त्यानं एक महिना गाडी शोधली. गिऱ्हाइकासाठी जेवढं पाहायचा त्याच्या दुप्पट पाहिलं. दिग्रसला एक मिळाली; चुंबक टाकीवर ठेवला तर घरंगळून खाली पडला. पुसदला एक होती, मीटरवर अकरा हजार किलोमीटर, पण पाय ठेवायच्या रबराच्या रेघा गायब आणि ब्रेकचं पेडल घासून आरशासारखं झालेलं. "मीटर अकरा हजार म्हणते अन् पेडल म्हणते साठ," भीमराज मालकाला म्हणाला. "दोघायची एकदा भेट करून द्या." नेरला तिसरी मिळाली. तिचा दोरा तीन बोटं सरकला. मालक म्हणाला, गाडी सरळच चालते. भीमराज म्हणाला, "सरळ चालते, पण तिची सरळ तिकडं हाये अन् आपली इकडं."

शेवटी निळी सापडली. पैनगंगेच्या पलीकडे एका खेड्यात गोठ्यात उभी होती. पाच वर्षांची, पुढून झाकलेली, वाकून बसायची, सगळी संघर्षच्या मनासारखी. तिचा मालक चोवीस वर्षांचा पोरगा होता. रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली, आणि तो गेला. त्याच्या काकानं भावही केला नाही. "न्या," एवढंच म्हणाला.

भीमराजनं तिच्यावर बारा दिवस काम केलं. पुढचे दोन्ही दांडे नवे, हँडल नवं, ब्रेकचे पॅड नवे, पुढचं टायर चालू वर्षीचं. मागचंही घासून वाचलं, तेही बदललं. दोरा ताणला तर केसाइतकाही फरक नाही. बावीस वर्षांत एवढी खणखणीत गाडी त्याच्या शेडमधून निघाली नव्हती. मेलेल्याची आहे हे त्याला अडचणीचं वाटलंच नाही. उलट त्यामुळेच ती साठच्या आत बसत होती.

मग तेराव्या दिवशी त्यानं मागची सीट काढली.

अशा गाड्यांच्या मागच्या सीटखाली तळहाताएवढी जागा असते. भीमराज ती नेहमी शेवटी साफ करायचा. तिथं सापडलेलं तो पोस्टानं घरच्यांना पाठवत असे: कोणाचा कंगवा, कोणाचं लायसन्स, एकदा तर अर्धा किलो शेंगदाणे. या वेळी चार घड्या घातलेला एक कागद निघाला. बाईच्या अक्षरात यादी होती. हळद. साबुदाणा. बाबाच्या चष्म्याची काडी. बकरीचं औषध. खाली वेगळ्या पेनानं, घाईघाईत, पोरानं लिहिलेलं होतं: आईची चप्पल, नंबर सहा.

भीमराजनं कागद परत घडी घालून गल्ल्यात ठेवला. त्या दिवशी तो पाठवायचा राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संघर्ष दारव्ह्याला आला. निळी शेडच्या बाहेर उन्हात चमकत होती. पोरगा गाडीभोवती फिरला, टाकीवर हात ठेवला, मग पाय टाकून बसला आणि वाकला. शर्ट मागून वर सरकला आणि कमरेची तपकिरी पट्टी दिसली, मणक्याचे दोन मणी दिसले.

"मामा," तो वाकूनच म्हणाला, "आईले पहिल्यांदा याच्यावरच मार्केटले नेतो."

भीमराज त्याच्या मागे उभा होता. भुताला हेल्मेट घालायला सांगणाऱ्या माणसाला गल्ल्यातल्या यादीतली ती चप्पल आठवली. त्यानं स्वतःला समजावलं: दोरा सरळ आहे, ब्रेक नवे आहेत, टायर या वर्षीचे आहेत, रोही रस्त्यावर येते, ती गाडीचं नाव विचारत नाही. सगळं खरं होतं. सगळं त्याचंच होतं, रोज तोंडात असलेलं. आणि तरीही त्याच्या तोंडून निघालं ते असं:

"उतर. हे बुक झाली."

"म्हणजे? तुमीच तं फोटो पाठवला मले."

"पाठवला. नंतर एक गिऱ्हाईक आलतं. शब्द देल्ला मी."

बावीस वर्षांत धंद्यात बोललेलं त्याचं हे पहिलं खोटं, आणि तेही भाच्याशी. संघर्ष उतरला. रडायचं वय गेलेलं असल्यानं त्यानं नुसतं गाडीचं स्टँड पायानं नीट लावलं.

"दुसरी पाहू," भीमराज म्हणाला. "याच्याहून भारी."

दुसरी दोनच दिवसांत सापडली, आणि ती यवतमाळला. तिचे मालक सदाशिवराव हे आधी गावाकडं शेतीवाडी आणि आता शहरात बंगला असलेले सत्तरीचे गृहस्थ. पोरगा पुण्याला नोकरीला गेला, त्याची ही गाडी. पोर्चमध्ये उभी होती आणि तिच्यावर फुलाफुलांची चादर पांघरलेली होती, जणू गाडीला दुपारची झोप लागली होती. सदाशिवरावांनी चादर अशी अलगद काढली की भीमराजला दोन पावलं मागं सरावंसं वाटलं. गाडी लाल होती. एकही ओरखडा नाही. हँडलला दसऱ्याच्या हाराचा दोरा अजून बांधलेला.

"नऊ हजार किलोमीटर," सदाशिवराव म्हणाले. "पोरगा कॉलेजला नेत असे. तो गेल्यापासून उभी आहे. पण मी तिला सोडलेलं नाही. दर रविवारी पुसतो. टायरलासुद्धा खोबरेल तेल लावतो. पाहा, कसे काळेभोर आहेत."

एरवी टायरला खोबरेल तेल हे ऐकून भीमराजनं पुढचे सहा महिने गाव हसवलं असतं. तेलानं रबर वरून चमकतं आणि आतून मरतं, हे तो शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचा. आज त्यानं ते ऐकलंच नाही. त्याला एकच गोष्ट विचारायची होती.

"काका, याच्यावर कोणाले काही झालं नाई ना?"

"छे हो. खरचटलंसुद्धा नाही."

"पडला-गिडला कोणी?"

"पडायला ती जाते कुठं."

चहा आला. चहा पिऊन झाल्यावर भीमराजनं तिसऱ्यांदा विचारलं, "म्हणजे घरात, या गाडीवरून, कोणाचं काही?"

सदाशिवराव हसले. "अहो, माझी बायकोसुद्धा ठणठणीत आहे. आवाज ऐकू येतोय ना आतून?"

भीमराजच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यानं गाडी चालू केली, आवाज छान. कॉलनीत एक चक्कर मारली, ब्रेक लागले. खाकी पिशवी सकाळपासून सोबत आलेल्या संघर्षच्या खांद्यावर होती.

"मामा, पिशवी देऊ?"

"राहू दे. अशा घरच्या गाडीले काय पाह्यचं."

संघर्षला लाल रंग आवडला नव्हता, पण भाव साठच्या आत होता, म्हणून पाचव्या मिनिटाला त्यानं तो आवडून घेतला. बसला, वाकला, आणि परत तोच शर्ट वर सरकला. या वेळी भीमराजला काही झालं नाही. त्यानं त्याच दिवशी राजूरला फोन लावला. "दीपमाले, बेस गाडी भेटली. निळी होती, पण खरं सांगतो, तिच्यावर एक पोट्टं गेलतं. म्हून नाई देल्ली."

दीपमाला हळूच म्हणाली, "बरं केलं, दादा." एकाच बापाची ती दोन लेकरं. दोघांनी एकमेकांची चोरी पकडली आणि दोघांनीही लगेच दुसरा विषय काढला.

निळी आठवड्याभरात रूपसिंगनं नेली. तो जवळच्याच तांड्यावरचा, दारव्ह्यात पाइपलाइनची कामं करणारा. भीमराजनं नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं, फक्त या वेळी नजर खाली ठेवून.

"मामा, मेलेला मानूस पेट्रोलचे पैसे तं मांगत नाई ना?" रूपसिंगनं विचारलं.

"नाई."

"मंग बसू दे त्याले मागं. माही याडी म्हणते, गाडीवर एकट्यानं फिरू नको." याडी म्हणजे त्याची आई. आणि तो किक न मारता, बटण दाबून, हसत गेला. तेव्हापासून निळी रोज सकाळी दुकानासमोरून जायची आणि रोज संध्याकाळी परत यायची.

चौदा एप्रिलला राजूरच्या रॅलीत संघर्ष पुढून दुसरा होता. निळा झेंडा लाल गाडीवर, त्यामुळे पोरांनी त्याला चिडवलं म्हणे. दीपमालेनं फोटो पाठवला. भीमराजनं तो दुकानात येईल त्याला दाखवला.

मे महिन्यात त्या भागात ऊन असं पडतं की डांबर चपलेला धरून ठेवतं. एकवीस तारखेला दुपारी साडेबाराला संघर्ष मुकुटबनहून वणीला निघाला होता. मागे डबा, डब्यात तेवीस नमुने. रस्ता मोकळा होता. ना रोही आली, ना ट्रक. एका छोट्याशा खड्ड्यातून चाक गेलं आणि पुढचं टायर कडेनं फाटलं. गाडी त्याला घेऊन पुलाच्या कठड्यावर गेली. उजवा पाय गाडी आणि कठडा यांच्या मध्ये आला.

यवतमाळच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

भीमराज चौथ्या दिवशी सकाळी आधी दवाखान्यात न जाता, बस धरून, गाडी ठेवली होती त्या पोलीस ठाण्यावर गेला. आवारात कडुनिंबाखाली लाल गाडी आडवी पडली होती. पुढचं टायर एका बाजूनं उभं चिरलेलं. चिरेच्या दोन्ही बाजूंना रबरावर बारीक भेगांचं जाळं, उन्हात तापलेल्या मातीसारखं. वरून मात्र अजून काळंभोर. त्यानं पिशवीतून ब्रश काढला. घासायची गरज नव्हती, खोबरेल तेलानं कड स्वच्छच ठेवली होती. तरी त्यानं घासलं. आकडे आले. दोन, तीन, एक, पाच. दोन हजार पंधराचा तेविसावा आठवडा. टायर जवळजवळ नऊ वर्षांचं होतं. नक्षी नव्यासारखी, कारण गाडी चाललीच नव्हती. रबर नुसतं उभं राहून मेलं होतं.

शिपाई म्हणाला, "ओळखीची गाडी का?"

"मीच पसंत केली," भीमराज म्हणाला. शिपायाला उत्तराचा अर्थ लागला नाही. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

दुपारी तो दवाखान्यात पोचला तेव्हा खाटेभोवती माणसं होती. उशाशी दीपमाला. खिडकीपाशी पंजाबराव, खाणीतून सुटी घेऊन आलेला, तसाच गप्प. पायथ्याशी पंजाबरावची चुलती मथुराबाई, राजूरहून केळी घेऊन आलेली. संघर्ष जागा होता आणि वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होता. चादर उजव्या बाजूला लवकर सपाट होत होती. भीमराजनं तिकडं पाहायचं टाळलं, आणि टाळल्यामुळे दुसरं काही दिसेना.

"ये भीमराज, ये," मथुराबाई म्हणाली. "तुये उपकार झाले बावा."

"कायचे, मावशी?"

"दीपमालेनं सांगतलं ना मले. मेलेल्याची गाडी होती तुयाजवळ, पोट्टं तेच मांगत होतं, तू नाई देल्ली. देल्ली असती तं आज लेकरू हाती लागलं असतं काय? पायावर निभावलं. नशीब बलवत्तर."

दीपमालेनं भावाकडं पाहिलं. "खरं हाये, दादा," ती म्हणाली. "तू पाहून देल्ली म्हून तं जीव वाचला." तिच्या डोळ्यांखाली तीन रात्रींचं काळं होतं, आणि तिनं ते वाक्य इतक्या जपून त्याच्या हातात ठेवलं, की ते मुकाट्यानं घेऊन खिशात टाकायला काहीच लागत नव्हतं. त्यानं फक्त मान हलवली असती तरी पुरलं असतं. जन्मभर पुरलं असतं.

भीमराज उभाच राहिला. मग म्हणाला, "नाई."

"काय नाई?"

"मी पाहून नाई देल्ली. टायर नऊ वर्षांचं होतं, दीपमाले. आत्ता पाहून आलो. त्यावर लिहून राह्यते. मी लोकायले शिकवतो ते. यवतमाळले त्या दिवशी पिशवी याच्याच खांद्यावर होती. यानं इचारलं बी मले, पिशवी देऊ काय. मी नाई म्हटलं."

मथुराबाईच्या हातातलं केळ अर्धं सोललेलं राहिलं.

"काहून नाई पाह्यलं?" दीपमालेनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

"मले फक्त एवढंच पाह्यचं होतं, का याच्यावर कोणी मेलं नाई. ते तीनदा इचारलं. बाकी काही नाई पाह्यलं."

"अन् निळी?"

"निळीचा नट न् नट मी बसवला होता. टायर या वर्षीचं होतं. दोरा सरळ होता. तिच्यात काई खोट नव्हती. मी भेलो. बस."

"तू?" दीपमाला म्हणाली. "गावभर सांगत फिरत होता ना तू. लोखंडाले काय समजते म्हणे."

पंख्याकडे बघतच संघर्ष बोलला, त्या दिवसातलं त्याचं पहिलं बोलणं.

"मामा, बुक झालती म्हणे निळी."

"नव्हती झाली."

"मंग कोणाले गेली?"

"रूपसिंग म्हून हाये एक."

"चालते?"

"चालते. रोज दुकानासमोरून जाते."

संघर्षनं डोळे मिटले. दीपमालेनं उठून त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला, बराच वेळ पुसत राहिली, आणि भावाकडं पाठ तशीच ठेवली. मथुराबाईनं ते अर्धं सोललेलं केळ स्वतःच खाऊन टाकलं.

खिडकीपाशी पंजाबराव हलला. तो भीमराजच्या समोर येऊन उभा राहिला. मारेल, असं भीमराजला वाटलं. मारावं, असंही वाटलं.

"भाऊ," पंजाबराव म्हणाला, "ते तारीख कुठं राह्यते?"

"टायरच्या कडेले. रिमच्या जवळ. चार आकडे."

"दाखवा."

"इथं कसं दाखवू, जावईबुवा?"

"खाली माही गाडी हाये."

दोघं जिना उतरून खाली आले. दवाखान्याच्या मागं उघड्यावर गाड्या लावल्या होत्या. पंजाबरावची साधी, शंभर सीसीची, सहा वर्षांपूर्वी भीमराजनंच पाहून दिलेली. पंजाबराव भर उन्हात तिच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. भीमराजनं पिशवीतून ब्रश काढून पुढं केला. त्यानं तो घेतला नाही. खिशातला रुमाल काढून अंगठ्यानं कड पुसली आणि एकेक आकडा वाचला, शाळेत वाचतात तसा.

"तीन. चार. एक. सात."

"बदला लागते," भीमराज म्हणाला. "देतानी नवीनच होतं. पण आता बदला लागते."

पंजाबराव चाकाकडं पाहत तसाच बसून राहिला. मग उठला, रुमाल झटकला.

"त्याले चांगली चालवता येत होती," तो म्हणाला. "खाणीत कोणी मेलं तं आमी बी नारळ फोडतो, भाऊ. तुमी भेले, त्याचं मले काई नाई. पण नारळ फोडल्यावर बी खाली उतराच्या आंधी छत ठोकून पाहा लागते. ते नाई पाह्यलं तुमी."

भीमराजनं मान खाली घातली.

"दीपमाला नाई म्हणणार, म्हून मी सांगतो. काही दिवस येऊ नका."

त्यानं गाडीचं स्टँड काढलं. किल्ली लावली नाही. हँडल दोन्ही हातांनी धरून तो गाडी ढकलत फाटकाकडं निघाला, टायरच्या दुकानाकडं, अर्धा कोस तरी असेल. फाटकापाशी चढ होता. गाडी तिथं अडली. भीमराज मागून धावत गेला आणि ढकलायला त्यानं दोन्ही हात सीटच्या मागं नेले. पंजाबरावनं वळून पाहिलं.

भीमराजनं हात काढून घेतले. पंजाबरावनं खांदा लावला, गाडी एकट्यानं चढावर घेतली, आणि रस्त्याच्या कडेकडेनं उन्हात चालू लागला.